धुरेपासून तिसरी

रुखमाबाई पौषात गेली, आणि तिची काठी चुलीमागच्या कोनाड्यात तशीच राहिली. तेंदूची, हातभर लांब. एक टोक इंजिनाच्या तेलानं काळं, दुसरं कानशिलाला लागून लागून गुळगुळीत. कमळा रोज चूल सारवताना ती काठी उचलायची, खालची जागा पुसायची आणि पुन्हा होती तशी ठेवून द्यायची.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी सकाळी तिनं ती ठेवली नाही. पदराखाली धरून ती अंगणात आली.

चिंचेखाली मोटर उभी होती. लढाईतून आलेली, हिरवा रंग उडून पत्र्यावर गंजाचे डाग पडलेली. धानोऱ्यात सगळे तिला मिल्ट्रीच म्हणत. मैलाचा काटा लाखाच्या पुढं जाऊन पुन्हा शून्यावर आला होता आणि मग तिथंच थांबला होता. जंगलातला बांबू आणि साग वडशाच्या स्टेशनवर पोचवणं हे तिचं काम, आणि ती हाकणं हे मुखरूचं. आठ वर्षं झाली, त्या चाकाला दुसऱ्या कोणी हात लावला नव्हता.

मुखरूनं हँडल मारून मोटर चालू केली आणि लेकीकडं पाहिलं. त्याला मोटरीचा आवाज ऐकू येत नव्हता. हे धानोऱ्यात फक्त कमळेला ठाऊक होतं.

आईनं तिला ते जाण्याच्या दोन दिवस आधी सांगितलं. तापानं ओठ फुटले होते. कमळा आरमोरीहून, सासरहून, आली होती आणि उशाशी बसली होती. तुझ्या बापाला समोरून बोललेलं कळते, ओठ पाहून, पण इंजिनाचं काही कळत नाही, आई म्हणाली. म्हणून मी जात होती मोटरीत. मग तिनं काठी मागवली, भातावर फदफदणाऱ्या झाकणीला तिचं टोक टेकवून कमळेच्या कानाला लावलं आणि ठोका कसा असतो, खडखड कशी असते, नुसती धाप कशी असते, ते पुटपुटत सांगितलं. चार दट्टे आहेत. जितव्याचा ठोका तितकी बोटं दाखवजो, तोंडानं सांगू नको, लोक पाह्यतात. तेरावं झाल्यावर कमळेनं सासरी निरोप पाठवला की बाबाच्या जेवणाचं पाहून मग येते.

गावाला एवढंच दिसत होतं की रुखमाबाई डबा द्यायच्या निमित्तानं नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून मोटरीत बसते आणि रस्त्यात कोणाकडं पाहत नाही. शेजारची सोमारी तर तोंडावर म्हणायची, मोटरीत बसली का रुखमीची मान वळत नाई. रुखमाबाई हसायचीसुद्धा नाही.

कमळा मोटरीच्या तोंडासमोर उभी राहिली. झाकण उघडं होतं. गरम हवा तिच्या हनुवटीला लागत होती. तिनं काठीचं काळं टोक लोखंडाच्या कुशीला टेकवलं, दुसरं कानापुढच्या हाडावर दाबलं आणि डोळे मिटले.

आधी नुसता कालवा. मग त्यातून एकेक वेगळं झालं. पहिल्याजवळ धाप. दुसऱ्याजवळ खडखड, पण कोरडी. तिसऱ्यापाशी काठी नेली आणि तिला दचकायला झालं. आत कोणीतरी मुसळ घालत होतं. ती चौथ्यापाशी गेली, परत आली. मुसळ तिथंच होतं.

डोळे उघडून तिनं तीन बोटं वर केली.

मुखरूनं मान हलवली आणि मोटर बंद केली. त्याच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत प्रथमच थोडा निवांतपणा आला, आणि ते पाहून कमळेलाही बरं वाटलं.

शनिवारी वडशाला मालगाडीचा डबा लागणार होता. मोटरीच्या मालकाचं, ठेकेदाराचं, म्हणणं त्याच्या मुन्शीनं, गुणवंतरावानं, बुधवारीच येऊन सांगितलं होतं. या खेपेला मोटर रस्त्यात बसली तर तिला भंगारात घालायची, नागपूरहून नवी आणायची, आणि नव्या मोटरीबरोबर नवा ड्रायव्हर. सामानासाठी एक पैसा मिळणार नव्हता. तेलाचे दोन डबे त्यानं ओसरीवर ठेवले, चहा घेतला, आणि बोलताना मुखरूनं दोनदा काय म्हणून विचारलं तेव्हा त्याच्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं.

मुखरू पाठीखाली पोतं घालून मोटरीखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले, टाचांना भेगा पडलेले. तेल त्यानं डब्यात उतरवलं. मग खालचं चेंबर सोडवलं आणि छातीवर झेलून बाजूला सरकवलं. कमळा नट सोडवायचे पाने देत होती. बोट वर आलं की छोटा, पंजा उघडला की मोठा, हे तिला आता जमायला लागलं होतं.

दट्ट्याचा दांडा खाली जिथं लोखंडाच्या मानेला धरतो, तिथला पांढरा धातू झिजून ठोका पडतो. तिथं नवं बेरिंग घालायला हवं होतं. ते नागपूरला मिळत होतं. मुखरूनं मान बाहेर काढली, हात पुसले, घरात गेला आणि आढ्याला टांगलेली घुंगरमाळ घेऊन आला.

मोटर हाती येण्याआधी तो बंडी हाकायचा. ते बैल विकले तेव्हा रुखमाबाईनं एक माळ ठेवून घेतली होती. घुंगरं पोळ्याला उजळायची आणि चामड्याच्या पट्ट्याला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळायची. पट्टा अजून तिच्या वेणीसारखा मऊ होता. मुखरू एकेक घुंगरू काढून कमळेच्या ओटीत टाकत गेला. चाकूनं त्यानं पट्ट्याची दोन बोटं रुंद पट्टी काढली, दगडावर घासून पातळ केली आणि तेलात भिजत घातली. एकाच बेरिंगापुरती झाली. बाकीचा पट्टा शिवणीवर तडकला होता.

दुपारी तो पुन्हा मोटरीखाली गेला. मग त्याचा हात बाहेर आला, तीन बोटं वर केलेला.

"तिसरीच ना?"

ती वाकली. त्याला तिचा चेहरा दिसावा म्हणून जमिनीला गाल टेकवला आणि मान डोलावली.

"मले वाटते तेवढी ढिली नाई हे," तो म्हणाला. "पण सगळ्याच ढिल्या हायेत. हाताले काय कळते."

त्यानं तिचं ऐकलं. चामडं मानेला गुंडाळलं, दांड्याची टोपी बसवली, नट आवळले. ऊन कलताना मोटर चालू झाली. नवं दाट तेल आत गेलं होतं. कमळेनं काठी लावली. मुसळ दबलं होतं. कुठंतरी खोल होतं, पण दबलं होतं. नवीन कापड पहिल्यांदा टरारतं तसं चामडंही बसायला वेळ घेत असेल, असं तिनं मनाशी धरलं. त्या रात्री तिला झोप लागली, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा आईचं काही स्वप्नात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी घराजवळच्या डेपोवर बांबू भरला. वारलू आणि चैतू हे दोघे हमाल मोळ्यांवर चढून बसले आणि दोर आवळत एकमेकांची थट्टा करू लागले. मुन्शीही आज बरोबर निघाला होता, मालाबरोबर वडशापर्यंत. तो मुखरूच्या शेजारच्या जागेवर धोतराचा सोगा सावरून बसला. रुखमाबाईची जागा ती. त्यामुळं कमळेला जाता येणार नव्हतं. जायचं कारणही नव्हतं, ठोका तर गेला होता.

तिनं डबा वर दिला. मुखरू आज खुशीत होता. हँडल मारून आला, मोटर धडधडायला लागली, तो पायरीवर एक पाय ठेवून तिच्याकडं वाकला. त्याला वाटत होतं की तो हळू बोलतो आहे.

"तुई मायबी धुरेपासूनच मोजे," तो म्हणाला. "पाच वर्सात एक डाव चुकली नाई."

आणि वर चढून त्यानं दार ओढलं.

कमळा हसली. हसता हसता तिला त्याचा शब्द पुन्हा ऐकू आला, धुरेपासून.

धुरा म्हणजे बंडी हाकणाऱ्याची जागा. तिथं बसून तो सगळं मोजणार, बैल, चाकं, खाचखळगे. मोटरीतही तो धुरेवरच बसला होता, आणि चार दट्टे त्यानं आपल्या बसायच्या जागेपासून पुढं मोजले होते. आईनंही त्याच्या शेजारी बसून तसेच मोजले असणार. कमळा कधी मोटरीत बसली नव्हती. ती समोर उभी होती. तिनं तोंडापासून मोजलं होतं.

तिची तिसरी ती त्याची दुसरी. चामडं चांगल्याला गेलं होतं, आणि मुसळ होतं तिथंच होतं.

"बाबा," तिनं हाक मारली. "बाबा, थांबा."

मोटर हलली. ती बाजूनं धावली, हात वर करून ओरडली. त्याची नजर रस्त्यावर होती. मुन्शी पलीकडच्या अंगाला होता, त्याला एवढ्या आवाजात काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. बांबूवरून वारलूनं तिला पाहिलं आणि निरोपाला हात हलवला. चैतूनंही हलवला. धूळ उठली आणि त्या धुळीत मोटर वळणाआड गेली.

पुढं कठाणी नदीकडचा उतार होता. मिल्ट्रीचे ब्रेक नावापुरते होते. उतारावर मुखरू तिला खालच्या गिअरात घालायचा आणि इंजिनाच्या जोरावर धरून ठेवायचा. इंजिनाचा दांडा तुटला तर धरायला काही उरत नव्हतं. मागं एवढा बांबू, वर दोन माणसं, खाली खडक आणि पाणी.

उताराच्या आधी जंगलखात्याचा नाका होता. तिथं पास दाखवायला वेळ जायचा. त्याच्यापुढं ओढ्यावर मुखरू मोटरीला पाणी पाजायचा. रस्ता तलावाला वळसा घालून जात होता, आणि पायवाट सरळ ओढ्यावर उतरत होती.

कमळा घरात शिरली, काठी घेतली आणि निघाली.

शेतांच्या बांध्यांमधून धान कापल्याचे खुंट तळव्यांना टोचत होते. तलावाच्या पाळीवर चढताना लुगडं फाटलं. जंगल लागलं तसं मोहाच्या फुलांचा वास आला, जड, गोड, ओकारी येईल असा. आगीनं जळालेला पाला पायाखाली चुरत होता. इथं मागच्या आठवड्यात वाघानं गाय पाडली होती. तिला ते आठवलं, आणि आठवूनही भीती वाटायला जागा उरली नव्हती. ती ऐकत होती. धाप लागली की स्वतःच्याच रक्ताचे ठोके कानात पडायचे आणि त्यातून मोटरीचा आवाज निवडता यायचा नाही. मग ती श्वास धरून थांबायची. दूर कुठंतरी घरघर. अजून चालू आहे. पुन्हा धावायची.

ओढ्यावर पोचली तेव्हा मोटर निघायच्या बेतात होती. चैतू रिकामी बादली वर टाकत होता. कमळा सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हात वर केले नाहीत. नुसती उभी राहिली, म्हणजे बाबाला दिसेल.

मोटर तिच्यापासून दोन हातांवर थांबली.

मुन्शी आधी उतरला. काय झालं, घरी कोणी गेलं का, त्यानं विचारलं. ती त्याला ओलांडून पुढं गेली. मुखरू खाली उतरला होता. त्याच्या चेहऱ्यावर एकदम म्हातारपण दिसलं. कमळेनं झाकण उघडायची खूण केली, काठी लावली. काठी लावायची गरजच नव्हती, हाताला कळत होतं. तिनं तीन बोटं दाखवली, मग मोटरीच्या तोंडाकडं बोट केलं. मग धुरेकडं बोट केलं आणि दोन बोटं दाखवली.

मुखरू पाहत राहिला. मग त्यानं आत वाकून मोटर बंद केली. जंगल एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

"हे काय चाल्लं हाये?" मुन्शी म्हणाला. "तोंडानं सांग ना त्याले. त्याले आयकू येत नाई काय?"

वारलू आणि चैतू बांबूवरून खाली पाहत होते. आता त्यांची थट्टा थांबली होती.

कमळेनं वाटेतच खोटं तयार करून ठेवलं होतं. येते ना भाऊ, ती म्हणाली, धावून धावून माह्याच तोंडातून शब्द निघत नाई. मुन्शी तिच्याकडं पाहत होता. विश्वास ठेवावा असं त्याला वाटत असावं, कारण त्यालाही कटकट नको होती.

मुखरूनं मुन्शीच्या ओठांकडं पाहिलं होतं.

"नाई येत," तो म्हणाला. फार मोठ्यानं म्हणाला. "पाच वर्सं झाली. रुखमा होती तवा चालून गेलं. आता पोरीनं आयकलं, पण मी तिले कुठून मोजाचं ते सांगतलं नाई. चूक माही हाये."

कमळेनं खाली पाहिलं. तिच्या पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

मुन्शीनं टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली. पाच वर्षांत आपण या मोटरीत किती वेळा बसलो ते तो मोजत असावा. मग म्हणाला की उद्या सूर्य मावळायच्या आत माल वडशाला पोचला तर आपण काही पाहिलं नाही. नाही पोचला तर ठेकेदाराला सगळं सांगावं लागेल. "पण मी हिच्यात बसत नाई बाप्पा," तो म्हणाला. "मले लेकरं हायेत." गडचिरोलीकडं जाणारी एक बंडी मागून आली, तिच्यात तो चढला आणि वळूनही न पाहता गेला.

हमालांना मुखरूनं सांगितलं, वाटलं तर तुम्हीही जा. ते गेले नाहीत. जाऊन काय करणार होते.

ओढ्याच्या वाळूत पोतं अंथरून मुखरू पुन्हा खाली शिरला. त्यानं पुन्हा डब्यात उतरवलेलं तेल कमळेनं पदराच्या दुहेरी कापडातून गाळलं. कापडावर पांढऱ्या धातूचे कपचे राहिले, माशाच्या खवल्यांसारखे. तिनं ते हातावर घेऊन खाली त्याला दाखवले. त्यानं त्याची दुसरी उघडली होती. तिथून निघालेला मोठा तुकडा त्यानं तिच्या तळव्यावर त्या कपच्यांशेजारी ठेवला. मग तिसरीतलं चामडं काढून दुसरीच्या मानेला गुंडाळलं. एका जागी दाबून पातळ झालं होतं, तिथं तिनं पदराची चिंधी फाडून तेलात बुडवून दिली.

सगळं जोडून होईपर्यंत ऊन पाठीवर आलं होतं. वारलूनं हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला मोटर लागली.

कमळेनं काठी लावली. धाप होती. खडखड होती. मुसळ नव्हतं. पण कालही तिला असंच वाटलं होतं.

मुखरूनं शेजारच्या जागेवरचं गवत झटकलं आणि तिच्याकडं पाहिलं. ती चढली. पाय कुठं ठेवायचे तिला कळेना, मग दिसलं की पत्र्यावर दोन जागी रंग पूर्ण गेला आहे. तिनं तिथं पाय ठेवले. काठीचं काळं टोक पुढच्या लोखंडाला टेकवलं, दुसरं कानापुढं धरलं. तेही कोणाला सांगावं लागलं नाही.

कठाणीचा उतार आला. मुखरूनं गिअर खाली टाकला. बांबूचं सगळं वजन मागून पाठीवर आल्यासारखं झालं. इंजिन विव्हळलं. कमळेच्या कानात एकदम दहा आवाज झाले आणि त्यातला एक ठोका होता. होता का? खडक सरकत येत होते, खाली पाणी चमकत होतं. तिचं तोंड उघडायला आलं, आणि तेवढ्यात तिला जाणवलं की बाबा रस्त्याकडं पाहत नाही.

तो अर्धा रस्त्याकडं पाहत होता आणि अर्धा तिच्या चेहऱ्याकडं. चाकावरचे त्याचे हात तिच्या चेहऱ्यावरून ठरत होते. तिच्या भुवया हलल्या तेवढ्यानं त्याचा पाय क्लचवर दाबला गेला, मोटर पुढं सुटली, वरून चैतू ओरडला. कमळेनं भुवया जागेवर आणल्या. ओठ मिटले. मान ताठ केली आणि समोर, थेट समोर पाहिलं. मांड्या तिनं लुगड्याखाली एकमेकींवर दाबून धरल्या. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. त्याचा पाय क्लचवरून उठला. मोटर पुन्हा गिअरात धरली गेली.

ऐकायचं सगळं. दिसू द्यायचं काहीच नाही. ठोका खरंच आला, तरच.

उताराच्या मध्यावर बाया उभ्या होत्या, मोहाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन, मोटर जाईपर्यंत कडेला सरून. त्यांत सोमारी होती. तिनं कमळेला ओळखलं, टोपलीवरचा एक हात सोडून हाक मारली. पहिल्यांदाच मोटरीत बसलेल्या पोरीला कौतुकानं मारावी तशी.

कमळेनं मान वळवली नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातून एक हात खाली जाताना दिसला. मोटर बायांच्या इतक्या जवळून गेली की काठीतल्या सगळ्या आवाजांवरूनही सोमारीचं बोलणं उघड्या कानात स्पष्ट पडलं.

"पाह्य वो कशी बसली. मायवरच गेली."